यमुनाबाईंची हजेरी

यमुनाबाई रोजनिशीत शाळा भरल्याची आणि सुटल्याची खरी वेळ लिहीत. यात विशेष ते काय, असं आज कुणाला वाटेल. पण आम्ही बाकीचे प्राथमिक शिक्षक वर्षभर 'अकरा ते पाच' एवढंच लिहायचो, मग शाळा बाराला भरो की मुळीच न भरो. बाईंच्या वहीत 'आज दुपारी बारा ते तीन, मुले सकाळी मीठ ओढण्यास गेली होती' अशा नोंदी असत. त्यापायी स्कूल बोर्डाकडून त्यांना दोनदा ताकीद आली. दोन्ही कागद त्यांनी त्याच वहीत चिकटवून ठेवले होते.

धरमतरच्या खाडीचा एक फाटा आमच्या गावाला लागून आत जातो. अलीकडे आमचं गाव, कौलारू शाळा, हेडमास्तर आणि मी असे दोन शिक्षक. पलीकडे मिठागरांवर राबणाऱ्या आगरी लोकांचा पाडा आणि कुडाच्या भिंतींची एकशिक्षकी शाळा. ती बाईंची. त्या स्वतः त्याच समाजातल्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, त्यानंतर हट्टाने व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाल्या. साहेबांसमोर शुद्ध बोलत, एरवी पाड्याचं बोलणं. हजेरी घेताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "पोर हाय तर हाय, न्हाय तर न्हाय."

स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. आमच्या दोन्ही शाळा चौथीपर्यंतच्या होत्या. त्यातल्या एकीला पाचवी ते सातवीचे वर्ग द्यायचे असं बोर्डाने ठरवलं. आमची मुलं दोन मैलांवरच्या गावात सातवीला चालत जाऊ शकत. पाड्यावरच्यांना आधी खाडी ओलांडायची, तीही भरती असेल तरच. ओहोटीला मांडीपर्यंत चिखल. चौथी झाली की तिथल्या मुलींचं शिक्षण संपे.

शाळा तपासणारे दिपोटीसाहेब हुशार होते. तुलना चोख व्हावी म्हणून त्यांनी हुकूम काढला की बाईंच्या शाळेची परीक्षा मी घ्यायची आणि आमच्या शाळेची बाईंनी. निकाल, हजेरी, इमारत, वेळापत्रक असे चार रकाने भरायचे.

मी तीन दिवस पाड्यावर गेलो. चौथीतल्या द्वारकी नावाच्या मुलीने तोंडी हिशेब मी फळ्यावर मांडायच्या आत सांगितले. वाचन तर आमच्या मुलांना लाजवणारं. मी गुण खरे दिले. त्या साऱ्या प्रकरणात तेवढंच एक मी सरळ केलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या शाळेतून परतत होत्या, मी पाड्यावरून. होडीच्या धक्क्यावर गाठ पडली.

"मास्तर, तुमच्या शाळेची हजेरी कोण भरतं?"

"मी."

"तिघं मुंबईला गेलेत बापाबरोबर, ते रोज हजर हायेत. मथुरेचं नाव घेतलं तर पोरं एकमेकांकडं बघाया लागली. एक म्हणाली, बाई, ती मेली."

मी होडीवाल्याचे पैसे मोजू लागलो.

"तुम्हाला ठाऊक न्हवतं?"

"होतं. श्रावणात तापाने गेली. मी गेलो होतो तिच्या घरी."

"मग दुसऱ्या दिवशी हजर कसं लिवलंत?"

मी हेडमास्तरांचं नाव सांगितलं. सरासरी घसरली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते, हेही सांगितलं. दुसरा शिक्षक म्हणजे मी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी आज समोर बसलेली पोरं मोजली, तेवढी लिवली. बाकीचं दिपोटींना तुम्ही सांगा. मी बोलले तर म्हणतील, बाई आपल्या शाळेसाठी भांडते."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात दिपोटी आले. आमच्या शाळेत टेबलाभोवती आम्ही चौघं. बाईंनी लिहिलेल्या आकड्यापुढे हेडमास्तरांनी 'गावात लग्न असल्याने' असा शेरा जोडला होता. गावात लग्न नव्हतं. निकाल पाड्याचा सरस, हजेरी आमची सरस. साहेबांनी मला विचारलं, "हजेरीबद्दल काही सांगायचंय?" हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही साहेब," मी म्हणालो.

तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, गावात घरोघर फिरून हजेरी पडताळा."

"बाई, तुमची शाळा कधी भरते आणि कधी सुटते तेच तुमच्या वहीवरून समजत नाही. दुसऱ्याच्या वहीवर बोलू नका." साहेब अगदी शांतपणे म्हणाले आणि त्यांनी कागद दुमडले.

सातवी आम्हाला मिळाली. जूनच्या आत बाईंची बदली झाली, दूर श्रीवर्धनकडे. त्यांच्या जागी आलेले मास्तर आठवड्यातून तीन दिवस यायचे आणि सहा दिवस 'अकरा ते पाच' लिहायचे. त्यांना कधी ताकीद आली नाही. मी यथावकाश हेडमास्तर झालो.

पुढे जिल्हा परिषदा आल्यानंतर एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी मी आगरदांड्याला दिघीच्या लाँचची वाट बघत उभा होतो. धक्क्यावर बाई होत्या. केस पांढरे, काखेत कापडी पिशवी. त्यांनीच आधी ओळखलं.

"काय मास्तर, पाड्यावरची किती पोरं सातवी झाली तुमच्याकडं?"

"दोन. दोन्ही मुलगे."

"आन् मुली?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली, जणू आकडा आधीच ठाऊक होता. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी माझं चुकलं."

"मला सांगून काय उपयोग? मला काय, दुसरी शाळा मिळाली. द्वारकीला सांगा. कुठं असते म्हायती हाय ना?"

"मिठागरावर."

"मग जा एकदा."

लाँच लागली. बाई चढल्या, कडेला बसल्या आणि पाण्याकडे बघू लागल्या. मलाही त्याच लाँचने जायचं होतं. मी पुढच्या फेरीसाठी थांबलो.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई वारल्याचं मला कळलं. आमच्या शाळेच्या ओसरीतून पाडा दिसतो. भरती असली तर होडीने दहा मिनिटं लागतात. मी गेलो नाही.