पाटी असेल तिथे डॉक्टर

डॉ. वत्सलाबाई शेलार यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांचा दवाखानाच सापडेना. लोणावळ्याचा बाजार, चिक्कीच्या दुकानावरचा जिना, इथपर्यंत पत्ता बरोबर होता. पण पाटी कुठेच नाही. दुकानदार म्हणाले, "बाई जेवायला गेल्यात. आल्या की लागेल पाटी." मला वाटलं, गंमत करताहेत. तेवढ्यात एक ठेंगण्या बाई आल्या, पिशवीतून पितळी पाटी काढून खिळ्यावर अडकवली आणि म्हणाल्या, "हं, आता विचारा काय ते." दंतवैद्यकाची कोरी पदवी घेऊन काम शोधायला आलेला मी मुकाट्याने त्यांच्यामागे जिना चढलो.

आज बाई साठाव्या वर्षात पदार्पण करीत आहेत आणि पाटी अजून तशीच चढते, उतरते. लग्नाला निघाल्या तरी पाटी पिशवीत. "बाहेर माझं नाव आणि मी मांडवात, हे चालायचं नाही," असं त्यांचं म्हणणं. आम्ही चिडवायचो, "बाई, शिंक आली तरी पाटी उतरवाल तुम्ही!" त्या खळखळून हसायच्या आणि पाटी उतरवायच्याच. दंत परिषदेकडून माझी नोंदणी होऊन येईपर्यंत त्यांनी मला एकाही पेशंटच्या तोंडाला हात लावू दिला नाही. मी पार वैतागलो होतो. पण तेवढे दिवस दुपारची भाकरी मात्र मी त्यांच्याच डब्यातली खाल्ली.

त्यांच्याविषयीचा माझा आदर निव्वळ आदर राहिला नाही, त्यात धाक आणि थक्क होणंही मिसळलं, ते हौसाबाई आल्या त्या दिवसापासून. भुशीच्या वरच्या वाडीतल्या या मावशींचा जबडा इतका सुजला होता की एक डोळा मिटत आला होता. आत पाहिलं तर खोटा दात शेजारच्या दातांना तारेने जखडून वर प्लॅस्टिकचा मसाला थापलेला. खाली सगळा पू.

"कुठे बसवलात हा, मावशी?"

"सोमाटण्याला. लेकीकडं गेलते. पाटी बगून गेलते ओ, डाक्टरची पाटी व्हती की! लय ठणकतंय, झोप न्हाई."

मावशींना आराम पडल्यावर आम्ही दोघं सोमाटण्याला गेलो. दुकानावर पाटी होती डॉ. देवस्थळी सरांची! लोणावळ्यातले सगळ्यात ज्येष्ठ दंतवैद्य, बाईंचे गुरू. आत मात्र त्यांचा जुना मदतनीस रामदास दात बसवत होता. बाई तिथून तडक सरांच्या घरी आल्या.

सर म्हणाले, "अगं, माझ्या हाताखाली म्हातारा झाला तो. त्याला दुसरं काय येतं? पोटाला लागावं म्हणून नाव दिलं फक्त."

"सर, मावशी त्या नावावरच आत गेल्या."

"बरं, उतरवतो पाटी. झालं?"

"उतरवाच. पण तक्रारही मी करणार आहे."

"तू? माझी?"

"मी नाही केली तर उद्या आपल्या कुणाच्याच पाटीवर लोकांनी का विश्वास ठेवावा, सर?" खाली येताना बाई जिन्यावरच बसल्या. "दाढ काढायला मला या माणसाने शिकवलं रे," एवढंच म्हणाल्या. तक्रार दुसऱ्याच दिवशी गेली.

चौकशी झाली. परिषदेने सरांची नोंदणी काही महिने स्थगित केली, रामदासचं दुकान बंद झालं. आमच्याच व्यवसायातल्या मंडळींनी बाईंना नावं ठेवली, स्नेहसंमेलनात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. माझं डोकं फिरायचं! बाईंनी मात्र कुणाशी वाद घातला नाही. रामदासला त्यांनी आपल्याकडे औजारं उकळायच्या कामावर ठेवून घेतलं. तो आजही आहे.

स्थगिती संपली त्या सकाळी सर आमच्या समोरचा आपला दवाखाना उघडून बसले. कोणी येईना. बाजारातले लोक लांबून बघत होते. बाईंनी आपली पाटी उतरवली, पिशवीत घातली, रस्ता ओलांडला आणि सरांकडच्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दाढ खरोखरच दुखत होती त्यांची. गेला आठवडाभर मी मागे लागलो होतो, पण मला हात लावू दिला नव्हता.

सरांनी हात धुतले, डोळे बाहीला पुसले आणि म्हणाले, "तोंड उघड, शेलार."

दुपारपर्यंत सरांच्या बाकावर माणसं बसलेली होती. हे सारं लिहू का, असं परवा सरांना विचारलं. म्हणाले, "लिही, आणि माझं नाव गाळू नकोस. गाळलंस तर ती तुझी तक्रार करेल."

बाई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. तुमची पाटी रोज सकाळी खिळ्यावर लागो, आणि सरांनी वाचवलेल्या त्या दाढेने तुम्ही शंभराव्या वर्षीही खालच्या दुकानातली चिक्की कडाकड फोडा.