नकाशात नसलेलं तळं

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. वर्कशॉपमध्ये संध्याकाळी कितीही झाडलं तरी सकाळी अ‍ॅक्रिलिकचा भुसा कोपऱ्यात असतोच, तसे तेही असतात. जुने सहकारी भेटले आणि एकाने "तुला आठवतं का" म्हटलं, की जेवण थंड झालंच म्हणून समजा.

आम्ही दुबईतल्या इमारतींची मॉडेल्स बनवायचो. नव्वदीची शेवटची आणि त्यानंतरची काही वर्षं. वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, मालक सीरियाचे अबू समीर. मी ड्रॉइंग वाचून मापं काढून द्यायचो, आणि आमचा हुकमी एक्का होता गिरगावचा सावंत. त्या शहरातल्या निम्म्या बिल्डिंगा आधी सावंतच्या टेबलावर उभ्या राहिल्या आणि मग वाळूत, असं मी अजूनही छाती फुगवून सांगतो.

*

सावंत मुंबईत गणपतीची थर्मोकोलची मखरं करायचा. इंटरव्ह्यूला त्याने मखरांच्या फोटोंचा अल्बमच पुढे ठेवला. अबू समीरनी एका उंच शिखराच्या देवळावर बोट ठेवून मोडक्या हिंदीत विचारलं, "ये बिल्डिंग कितना साल टिकता?"

"दस दिन, सर."

"और बनाने को?"

"वो भी दस दिन."

अबू समीरनी अल्बम मिटला. "कल से आओ. मेरा क्लायंट को भी दस दिन में मांगता."

*

एकदा प्लॉटचे फोटो काढायला सावंत आणि मी पिकअप घेऊन निघालो. साइट इंजिनियरने फोनवर सांगितलं होतं, "सीधा जाओ. जिधर रोड खलास, उधर हमारा प्लॉट."

आम्ही जातोय, जातोय. दोन्हीकडे वाळू, मध्येच एखादा उंट, आणि पुढे काळाकुळीत रस्ता. शेवटी मी फोन लावला. "अरे भाई, रोड तो खलास ही नहीं होता."

तो जराही न बिचकता म्हणाला, "सुबह होता था. वापस आओ."

*

सावंतची बायको वैशाली आणि मुलगी मुग्धा गिरगावातच होत्या. त्यांना आणायचं तर फॅमिली व्हिसा, आणि व्हिसासाठी मालकाने सही केलेलं पगाराचं पत्र. सावंत दर आठवड्याला मागायचा. अबू समीरचं उत्तर ठरलेलं, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या, देवाची इच्छा असेल तर! टॉवर दहा दिवसांत देणाऱ्या माणसाचा हा उद्या मात्र काही उजाडेना.

माणूस वाईट नव्हता. बायको आली की हा सहाच्या ठोक्याला घरी पळणार, एवढीच त्यांची धास्ती. पण इकडे मुग्धा फोनवर सावंतला "तुम्ही कसे आहात" असं विचारायला लागली. आधी ती त्याला "ए बाबा" म्हणायची.

*

एका टॉवरचं मॉडेल पूर्ण होत आलं आणि क्लायंटचा फोन आला, मजले वाढवलेत. आम्ही वाढवले. पुन्हा फोन, पुन्हा वाढवले. न्यायच्या दिवशी कळलं की टॉवर वर्कशॉपच्या दारातून बाहेर जात नाही. वरचे मजले सुटे करून नेऊ, असं मी सुचवलं.

अबू समीर माझ्याकडे दयेने बघत राहिले. "हबीबी, इस शहर में ऊपर का कोई नहीं काटता. दीवार तोडो." आम्ही दारावरची भिंत फोडली.

*

एका टॉवरमधले फ्लॅट विकायला निघाले तेव्हाची गोष्ट. जागेवर साधा खड्डाही नव्हता, पण मॉडेलभोवती ही गर्दी. पुण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी चौथ्या मजल्याच्या नखाएवढ्या खिडकीवर बोट ठेवलं. "इथे सकाळचं ऊन येईल ना हो? मला मेथी लावायचीय."

सेल्समन गडबडला. सावंत दिव्यांच्या वायरी तपासायला तिथेच बसला होता. त्याने टॉर्च घेतला, मॉडेलच्या पूर्वेला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि सूर्य उगवतो तसा हळूहळू वर आणला. खिडकीत उजेड पडला.

"येतंय हो," बाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांनी तो फ्लॅट घेतला, आणि तिथे मेथी उगवलीही.

*

मग आलं एका अख्ख्या वसाहतीचं मॉडेल. अबू समीरनी सावंतला स्पष्ट सांगितलं, "ये पास, तो लेटर. नहीं तो खलास."

प्रदर्शनाच्या सकाळी सावंतच्या हातून तापलेली सोल्डरिंग गन निसटली आणि मधल्या मोकळ्या मैदानात तळहाताएवढा डाग जळाला. पाहुणे यायला अर्धा तास. सावंतने घाम पुसला, निळा लॅकर पेंट काढला, डागावर फिरवला, वर चमक दिली आणि काठाला चार खजुरीची झाडं चिकटवली.

कन्सल्टंट इंजिनियर आला तो थेट तिथेच थांबला. "ड्रॉइंगमध्ये लेक कुठंय?" असं त्याने इंग्रजीत विचारलं तेव्हा अबू समीरच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तेवढ्यात डेव्हलपर आले, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले वयस्कर अरब. टॉवर, मॉल, सगळं ओलांडून ते तळ्यापाशी उभे राहिले.

"ये किसने डाला?" त्यांनी चक्क हिंदीत विचारलं.

सावंत पुढे झाला. "मैंने, सर."

"कितना गहरा है?"

"दो कोट, सर."

म्हातारा पोट धरून हसला. मग इंजिनियरकडे वळला. इंजिनियर बाष्पीभवन, पंपिंग वगैरे सांगू लागला, तशी म्हाताऱ्याने हात वर केला. "यल्ला, बनाओ."

अबू समीरनी त्याच दुपारी पत्रावर सही केली.

वैशाली आणि मुग्धा आल्या त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी माझ्या गाडीतून तिघांना साइटवर नेलं. चहूकडे वाळू, आणि मध्ये नुकताच खणलेला, नजर पोचणार नाही एवढा मोठा कोरडा खड्डा. सावंतने नुसता हात केला.

मुग्धा काठाकडे पळत सुटली, तशी वैशालीने हाक मारली, "मुग्धा, पाण्याच्या फार जवळ जाऊ नकोस गं."