दैवशालाच्या खोलीतलं विहिरीचं पाणी

दैवशालाच्या अंगावर रॉकेल ओतलं ते नवऱ्यानं, आणि काडी ओढली ती सासूनं. दवाखान्यातून ती माहेरी आली तेव्हा तिची हनुवटी छातीकडं ओढली गेली होती आणि पाठीच्या नव्या कातडीला घाम येत नव्हता. डॉक्टरांनी तिच्या भावाला, बन्सीधरला, एवढंच बजावलं की हिला ऊन सोसणार नाही. पालमकडचा उन्हाळा न सोसणारं माणूस ठेवायचं कुठं?

त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं घर, आमच्या बांधाला, धुऱ्याला लागून, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पहिल्या वैशाखात दैवशाला तलखीनं भिंतीवर डोकं आपटायची. आवरायला गेलेल्या बन्सीधरचा हात तिनं रक्त निघेपर्यंत चावला होता. मग तो तिला विहिरीच्या पायऱ्यांवर नेऊन बसवायचा. गळ्यापर्यंत पाण्यात गेली की ती शांत व्हायची. पण रोजची चढउतार तिला झेपेना, तेव्हा त्यानं विहीरच खोलीत आणायचं ठरवलं.

पालमला पाण्याच्या जळक्या मोटारींची तार नव्यानं भरून देणं हा त्याचा धंदा. त्यानं एक लहान मोटार विहिरीवर बसवली, भंगारातल्या पाइपाचे वळसे खोलीच्या भिंतीवर ठोकले, समोर पंखा लावला. वळसे फिरून आलेलं पाणी दुसऱ्या पाइपानं पुन्हा विहिरीत पडायचं. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, खाली भुईत उन्हाळा न्हाई का हिवाळा न्हाई. खोलीतली धग पाणी उचलतंय आन् हिरीत नेऊन टाकतंय. भुई ती पिऊन घेती." पुढं थंडीत पहाटे विहिरीवर वाफ दिसायची, तेव्हा तेच पाइप हाताला कोमट लागायचे आणि दैवशालाची आखडलेली कातडी थोडी सैल व्हायची.

पण विहीर सामाईक होती. अर्धा आठवडा पाण्याची बारी बन्सीधरची, अर्धा त्याचा चुलतभाऊ तात्याराव याची. दुसऱ्याच्या बारीत मोटार चालू करणं म्हणजे आमच्याकडं चोरीच. त्या साली पाणी खोल गेलं, तात्यारावाचा ऊस करपू लागला, आणि त्याच्या बारीत ही लहान मोटार दिवसभर गुणगुणत राहिली. बन्सीधरनं त्याला परत पडणारी धार दाखवली. तात्याराव म्हणाला, "पाणी वापस येईल रे. बारी वापस येती का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोखंडावर कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मी धावत पोचले तोवर पाइप तुटला होता आणि बन्सीधर मातीत पडला होता. आडवा आला म्हणून तात्यारावानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या कोपरावर घातला होता. हाड बाहेर आलं होतं. पडलेल्या माणसाला तो लाथा घालतच होता. मी पदर फाडून हात बांधायला बसले.

तेवढ्यात दैवशाला बाहेर आली. मान वळत नसल्यानं ती सगळं अंग वळवून बघायची. तशी तात्यारावाकडं बघितली आणि पायऱ्या उतरून गळाभर पाण्यात जाऊन बसली.

"तात्यादादा, मी हितंच मरते," ती खालून म्हणाली. "मग हीर उपसून टाक, आन् बघ बारी कोनाची ते."

विहिरीत माणूस मेलं की ती तळापर्यंत उपसल्याशिवाय कोणी ते पाणी वापरत नाही. वैशाखात उपसलेली विहीर म्हणजे ऊस गेलाच.

"मीच उपसतो. पाणी उसाला जाईल, तुला बुडायला ऱ्हाणार न्हाई," म्हणत तात्यारावानं आपली मोठी मोटार सुरू केली आणि कुऱ्हाड घेऊन स्टार्टरपाशी उभा राहिला. पाणी तिच्या छातीवर आलं, मग कमरेवर. ती पाण्यामागं एकेक पायरी उतरत गेली. उघड्या पडलेल्या खांद्यावर ऊन आलं तशी ती दात खाऊन कण्हू लागली. शेवटच्या पायरीखाली नुसता खडक होता.

तात्यारावाची बायको केशरबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं विहिरीत वाकून बघितलं, टोपलं खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या बगलेतून हात घालून मोटार बंद केली. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. एक फटका तिच्या कानशिलावर बसला, दोन बरगडीवर. ती स्टार्टरला मिठी मारून राहिली. तोंडातलं रक्त थुंकून हळूच म्हणाली, "तिकडं जाळली लेकराला. हितं वाळू घालता का?"

आणखी दोन-तीन फटक्यांनंतर त्याचा हात थांबला. आमचे गडी येऊन त्याला बाजूला नेईपर्यंत तो तिथंच कुऱ्हाड धरून उभा होता. मग गड्यांनी दैवशालाला वर काढून सावलीत नेलं. नामांतराच्या मोर्चासाठी पोलीस परभणीला बंदोबस्तात गुंतलेले. ते आले तेव्हा रक्तावर माती पडली होती.

बन्सीधरचा हात नंतर सरळ झालाच नाही. पाइप त्यानं डाव्या हातानं जोडला. तात्यारावाच्या बारीत ती लहान मोटार केशरबाई स्वतः चालू करू लागली. तेव्हा तात्याराव उसात पाठ करून उभा राहायचा, पण बंद करायला आला नाही.

थंडीत केशरबाईची बरगडी ठणकते. मग ती सकाळी दैवशालाच्या खोलीत येते आणि दोघी कोमट पाइपांना पाठ टेकून तूर सोलत बसतात. दैवशालाला मान वर करता येत नाही, म्हणून शेंगांनी भरलेलं सूप केशरबाई तिच्या मांडीवर ठेवते.