पंच्याण्णव टक्क्यांचा बाण

रविवार, दुपारचे साडेतीन. उस्मानपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमधला टीव्ही, समोर चार खुर्च्या. टीव्हीवर एक पहारेकरी भिंतीला टेकून झोपला होता. त्याच्यापासून दोन हातांवर रावसाहेबांचा योद्धा कुऱ्हाड उगारून उभा होता. पडद्यावर लिहिलं होतं, वार लागण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के. रावसाहेबांनी बटण दाबलं. कुऱ्हाड हवेत फिरली आणि पहारेकरी जागा झाला.

रावसाहेबांनी रिमोट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "झोपलेला माणूस हुकला? आमच्या बिडकीनला असं झालं असतं ना, तर ह्या गड्याला लोकांनी लाकडं फोडायलाबी बोलावलं नसतं."

हा आमचा पहिला किस्सा. असे किस्से आपण जमवत नाही, ते साचतात. तीस वर्षं बातमीदारी करतोय, तिचे किस्से लोक मागतात. हे मात्र कुणी न मागता सांगावेसे वाटतात, कारण माझ्या मते यात अन्याय झालेला आहे.

आमची टोळी चौघांची. ज्यांचं घर ते कुलकर्णी सर, कॉलेजात मला संख्याशास्त्र शिकवलेले, आता निवृत्त. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी. सरांचे शेजारी रावसाहेब, एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर. आणि मी. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीनं वेळ घालवायला म्हणून टीव्हीला जोडायचा तो गेमचा डबा आणून दिला. वहिनी आधी शिकल्या, मग आम्हाला ओढलं. गेममध्ये चार वीर एकत्र फिरतात, पाळीपाळीनं लढतात. रावसाहेबांचा योद्धा, सरांचा जादूगार, माझा तिरंदाज आणि वहिनींची वैदू. तिचं नाव त्यांनी गोदा ठेवलं होतं. वार कुणी करायचा ते आपण ठरवायचं, लागला की नाही ते डबा ठरवणार. आणि जो मेला तो कायमचा मेला. जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडून लढाई पुन्हा खेळायची नाही, हा आमचा नियम. नियम मीच घातला होता. खोटेपणाची मला चीड आहे.

*

वहिनी टक्के वाचायच्याच नाहीत. एकदा बारा टक्क्यांवर गोदानं काठी फेकली आणि समोरचा राक्षस आडवा! त्याच रविवारी माझे तीन बाण लागोपाठ हुकले होते.

मला संशय आला. डबा एकच, टीव्ही एकच, मग न्याय दोन प्रकारचा कसा? मी वहिनींचं रिमोट मागून घेतलं आणि माझं त्यांना दिलं. माझा बाण हुकला. मग आम्ही खुर्च्या बदलल्या. तरीही हुकला. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मुकुंदभाऊ, तुम्ही बटण दाबण्याआधी फार रागानं बघता. तो ओळखतो."

मी हसलो नाही. डबा ओळखत असेल, तर तोच माझा मुद्दा होता.

*

रावसाहेबांचं निदान वेगळं. त्यांच्या कंपनीत मशीन बिघडलं की आधी व्होल्टेज बघतात. त्यांनी घरून फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून आणला आणि गेमच्या डब्याला जोडला. म्हणाले, करंट कमी आला की मशीन पॉइंट खातं, हे तुम्हा शिकलेल्या लोकांना कळायचं नाही.

त्या दुपारी तासभर आमचा एकही वार हुकला नाही. रावसाहेब पाय पसरून बसले. सरांनी तोंड उघडलं की ते नुसता हात वर करायचे. चार वाजता रावसाहेबांच्या घरून निरोप आला. फ्रिजमधलं दूध फुटलं होतं.

*

मी रीतसर मार्गानं गेलो. गेम बनवणाऱ्या कंपनीला ईमेल लिहिली. तीन प्रश्न विचारले. टक्के कोण काढतो? ते खरे आहेत हे कोण तपासतं? हुकलेल्या वारांची तक्रार कुणाकडे करायची? बाजू मांडायला तीन दिवसांची मुदत दिली.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया डबा बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. रावसाहेबांनी विचारलं, ह्याला माहितीचा अधिकार लागत नाही का? मी वहीत लिहून ठेवलं, "कंपनीने थेट उत्तर देण्याचे टाळले."

*

वहीचंही सांगतो. कंपनी टाळते म्हटल्यावर मी पुरावा गोळा करायला घेतला. पंच्याण्णव टक्क्यांवर हुकलेला प्रत्येक वार, तारीख आणि वेळेसकट. पाच महिन्यांत सहा पानं भरली. एका रविवारी ती सरांपुढे आपटली आणि म्हणालो, आता बोला.

सरांनी चष्मा लावून सहाही पानं वाचली. कॉलेजात माझा पेपर वाचायचे तसंच. मग विचारलं, "आणि लागलेले कुठं लिहिलेत?"

"लागलेले कशाला लिहू?" मी म्हणालो. "लागलेला वार ही काय बातमी आहे का!"

स्वयंपाकघरात वहिनी इतक्या हसल्या की रावसाहेब उठून बघून आले.  वही मिटून, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी सरांनी मला परत दिली. तेव्हापासून मी लागलेलेही लिहितो. नाइलाज म्हणून लिहितो, माझा संशय गेलेला नाही.

*

मग वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या, सहा महिन्यांसाठी. निघण्याच्या दिवशी बॅगा खाली गेल्या होत्या, सर गाडीत बसले होते. वहिनी जिन्यात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांच्यावर माझा भरवसा नाही, हे टक्के बघत बसतात. गोदाला तुम्ही सांभाळा. दोन वर्षं वाढवलीय मी तिला. परत आल्यावर मला ती जिवंत पाहिजे."

मी शब्द दिला. मंत्र्यांनी दिलेले शब्द मी तीस वर्षं लिहून घेत आलो आहे, स्वतः सहसा देत नाही.

गोदा सर खेळवू लागले. वहिनी दर रविवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल करायच्या. नातवाचं झालं की पहिला प्रश्न, गोदा कशी आहे? पाच महिने आम्ही बरी आहे म्हणून सांगितलं आणि ते खरं होतं.

सहाव्या महिन्यात किल्ल्याच्या दरवाजावरची लढाई आली. समोर शेवटचा शत्रू, त्याच्यात एका वाराचा जीव. पाळी माझ्या तिरंदाजाची. पंच्याण्णव टक्के. रावसाहेब म्हणाले, डोळे झाकून मारा. मी डोळे उघडे ठेवून मारला.

हुकला.

त्यानं उलटा वार केला तो गोदावर. लागण्याची शक्यता नऊ टक्के होती. लागला. गोदा खाली बसली, मग आडवी झाली, आणि मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव आलं.

आम्ही तिघांनी पंचनामा केला. चेष्टा म्हणून नव्हे. मला दुसरं काही सुचेना. वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. मयताचं नाव गोदा. कारण, तिरंदाजाचा बाण हुकला. पंच म्हणून सर आणि रावसाहेबांनी सह्या केल्या.

पाच वाजता फोन वाजला. सरांनी बायकोला सांगितलं की गोदा जरा विश्रांती घेतेय. वहिनी म्हणाल्या, मुकुंदभाऊंना द्या. तीस वर्षं ज्यांनी प्रतिक्रिया देणं टाळलं त्या सगळ्यांची मला आठवण झाली, आणि मी फोन रावसाहेबांच्या हातात दिला. रावसाहेबांनी पंधरा मिनिटं बिडकीनचं हवामान सांगितलं.

*

पुढचा रविवार. वहिनी यायला बारा दिवस होते. त्यांना काय आणि कसं सांगायचं ते ठरवायला आम्ही जमलो. रावसाहेबांनी सवयीनं टीव्ही लावला.

किल्ल्याचा दरवाजा उघडा होता. आत चौघं उभे होते. मध्ये गोदा, हिरवी शाल, हातात काठी.

"ही तर जित्ती हाय," रावसाहेब म्हणाले.

सरांनी मेलेल्यांची यादी उघडली. यादी कोरी. पंचनामा काढला. सह्या त्यांच्याच. मग त्यांनी सेव्हची नोंद बघितली. बुधवार, दुपारी एक वाजून पन्नास मिनिटं. एकूण खेळलेला वेळ जवळपास चार तासांनी वाढलेला. ही लढाई वीस मिनिटांची. म्हणजे कुणीतरी जुना सेव्ह उघडून ती पुन्हा पुन्हा खेळलं होतं, गोदा जगेपर्यंत.

रावसाहेब बुधवारी पहिल्या पाळीला होते, गेटवर पंचिंग आहे. सर सकाळी आठला बहिणीला घेऊन वेरूळला गेले ते पाचला परतले. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी सिलिंडर येणार होता, म्हणून सरांनी घराची किल्ली माझ्याकडे ठेवली होती. सिलिंडर दहाला आला. किल्ली मी सरांना पाचला दिली.

रावसाहेब माझ्याकडे बघत होते. "नियम कुणाचा व्हता हो, पत्रकार साहेब?"

सरांनी त्यांना हातानं थांबवलं. माझी वही मागून घेतली, बुधवारचं पान शोधलं. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. मग चष्मा काढून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मुकुंद, मला बाकी काही नको. फक्त एवढंच सांग, बाण कितव्या खेपेला लागला?"

हे लिहून होईपर्यंत त्या प्रश्नाला कोणाकडूनही उत्तर मिळालेलं नाही.