चामटोलीच्या विहिरीतला निळा उजेड

माझी धाकटी बहीण उन्नती गेली अठरा वर्षं एका उजेडाच्या मागे आहे. लोक पैशाच्या, जमिनीच्या, फार तर देवाच्या मागे लागतात. ही उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात असे रेणू बनवत बसते, जे पाण्यात नेमका एखादा धातू भेटला तरच चमकतात. आधी जस्त, मग तांबं, आणि शेवटची सात वर्षं शिसं. पाण्यात शिसं असलं, की अतिनील टॉर्चखाली तिचं औषध निळं उजळतं. नसलं तर ढिम्म. 'औषध' म्हटलेलं तिला चालत नाही, पण आमच्या घरात कुपीत भरलेलं सगळं औषधच.

स्थळं यायची तेव्हा ही म्हणायची, "रविवारी प्रयोगशाळेची चावी मिळते, त्या दिवशी नको." मग स्थळांनीही तेच ठरवलं. मी जाम चिडायचो. खरं सांगायचं तर मला तिचा फार अभिमान आहे, पण तिच्या तोंडावर हे सांगायला जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षी तिने आमच्या चामटोलीतल्या आणि खरवईच्या अकरा विहिरींचं पाणी तपासलं. अकराही बाटल्या उजळल्या. शिसं अगदी किंचित, पण तेवढंही तिच्या रेणूने पकडलं, याचंच कौतुक. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. त्याच्या जोरावर ती प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत देणार होती. अशी जागा कॉलेजात पुन्हा कधी निघेल कोण जाणे. आमची आई, कमळाबाई, गावभर पेढे वाटून आली. विहिरीत विष सापडलं म्हणून पेढे वाटणारी पंचक्रोशीतली ती पहिलीच बाई असेल.

एका दुपारी आई म्हणाली, "मना दाखव तरी गो, चमकतं म्हंजे काय."

उन्नतीने दारं-खिडक्या लावून टॉर्च पेटवला. कुपी राहिली बाजूला, आधी उजळला माझा शर्ट. मी जमिनीचे व्यवहार करतो. आमच्या धंद्यात पांढऱ्या कपड्यांशिवाय कुणी दारात उभं करत नाही, आणि आई त्यांना सफेदीची पावडर मूठमूठ घालते. आई टाळ्या वाजवून हसली. उन्नती हसली नाही. माझ्या खिशावर टॉर्च धरून बघतच राहिली. अगदी तोच निळा.

"आई, माझ्या बाटल्या तू कशाने धुतल्यास?"

"कनाला इचारतंस? दादाच्या कपऱ्यांची पावडर घातली. कालेजात जायच्या व्हत्या, मळकट देऊ का?"

उन्नतीने नव्या बाटल्या ॲसिडने धुतल्या आणि पुन्हा अकरा विहिरी फिरली. मोटरसायकलवर मीच नेलं. अकराही बाटल्या ढिम्म. गावच्या विहिरी स्वच्छ होत्या, आणि माझी बहीण कॉलेजच्या जिन्यात बसून रडत होती.

"कोणाला कळणारे?" मी म्हणालो. "ते परदेशातले काय चामटोलीला पाणी भरायला येणारेत? गप बस ना यार. मुलाखत होऊन जाऊ दे."

"दादा, औषध खोटं बोललं नाही. मी कशी बोलू?"

पहिल्यांदाच ती त्याला औषध म्हणाली.

लेख मागे घ्यायचा तर कारण लिहून द्यावं लागतं. तिने लिहिलेलं मला मराठीत वाचून दाखवलं: नमुन्यांच्या बाटल्या धुताना चूक झाली, बाटल्या मी स्वतः धुतल्या होत्या. अठरा वर्षांत तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

"साधी बाटली धुता येत नाही, म्हणतील तुला," मी म्हटलं.

"म्हणू देत."

मुलाखतीत तसं म्हणालेच. जागा दुसऱ्याला गेली.

आईला एवढंच कळलं, की लेख काही छापला नाही. त्या दिवशी जेवताना तिने हळूच विचारलं, "बाटल्या मीनी बराबर धुतलेल्या ना गो?"

"आई, तुझ्याइतकं लख्ख कुणी धूत नाही," उन्नती भात कालवत म्हणाली.

आईचा जीव भांड्यात पडला. "मंग फुडल्या टायमाला पन मनाच दे."

"देईन."

दर महिन्याला देते. आई त्या घासूनपुसून पिशवीत भरते, आणि उन्नती कॉलेजात नेऊन पुन्हा ॲसिडने धुते.