वाळू पडेपर्यंत

जीवराम गुरुजींना गप्प बसणं कधी जमलंच नाही. चोपड्याच्या शाळेत त्यांचा वर्ग कुठला, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आवाजावरून कळायचं. सातवीत गणितात अडकलेल्या पोरींचे जादा तास ते फुकट घेत, जीव तोडून घेत, आणि एकच उदाहरण इतक्या वेळा समजावत की पोरींना स्वतः विचार करायला फुरसतच मिळत नसे. हे त्यांना सांगायची मात्र कोणाची छाती नव्हती.

अडुसष्ट साली शाळेची एक खोली पडायला आली, म्हणून जादा तास सूरजबाईंच्या पडवीत भरू लागले. सूरजबाई कापडदुकानवाल्या मारवाड्यांच्या घरच्या, सत्तरीच्या जैन बाई. रोज दुपारी त्या पडवीतच सामायिकाला, म्हणजे ठरावीक वेळेच्या ध्यानाला, बसत. तोंडाला मुहपत्तीचं फडकं, हातात माळ, डोळे मिटलेले आणि शेजारी वाळूचं घड्याळ. वरची सगळी वाळू खाली उतरली की उठायचं, तोवर संसाराचा एक शब्द नाही. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"मास्तरजी, मी बसेन तोवर तुम्हीपण गप्प. पोरींना गणितं घाला. मी उठले की मग काय बोलायचं ते बोला."

गुरुजींनी नाइलाजानं मान डोलावली.

त्यांचा जीव अडकला होता कस्तुरात. सातपुड्याच्या पायथ्याची ही पोर आत्याकडे राहून शिकत होती. हुशार, खोडकर, पण अपूर्णांक दिसला की तोंड उतरायचं. गणितात एकदा आपटी खाऊन झाली होती. तिचा बाप जामसिंग बजावून गेला होता, "औंदा पास नही व्हयनी तं घर लई जासू." पोर एकदा घरी गेली की शाळा कायमची सुटणार, हे गुरुजी ओळखून होते.

एका दुपारी सूरजबाई उठेचनात. पोरी चुळबुळल्या, गणितं सोडवून झाली, गुरुजींचा जीव मेटाकुटीला आला, तरी वाळू आपली पडतेच आहे. कसं काय, ते कोणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी कळलं. बाईंना बसून थोडाच वेळ झाला होता. कस्तुरानं हळूच हात लांबवला आणि घड्याळ उलटं केलं! गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कसं? थोड्याच वेळात वाळू संपली आणि बाईंनी मुहपत्ती सोडली.

"बाई, तुमचं सामायिक मोडलं हो या कारटीनं!" गुरुजींचा बांध फुटला. "आणि कालपण हिनंच लांबवलं असणार!"

कस्तुरा रडकुंडीला आली. "लांबवानं नव्हतं गुरुजी, चुकनं. पाऊण वाळू खाले पडनी, तव्हय मी उलटं करं. मंग ती पाऊणच वर गयी. पाऊण आनि पाऊण, दीड व्हयनं. घर जाईसन पाटीवर मांडं, मंग समजनं. आज पावच पडू दिधी. पाव आनि पाव, अर्ध. अर्धामा सुटका."

गुरुजींनी उगारलेला हात तसाच राहिला. महिनाभर घसा कोरडा करूनही जे शिरलं नव्हतं, ते पोरीनं त्यांच्या तोंडाला कुलूप असताना, तेही लबाडी करता करता, स्वतः शोधून काढलं होतं.

"हिशेब बरोबर आहे का पोरीचा?" सूरजबाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग मी पुन्हा बसते. घड्याळ मात्र आता माझ्या मांडीआड."

त्या दिवसापासून गुरुजी वाळूचीच गणितं घालू लागले आणि मुकाट्यानं बसू लागले. सोपं नव्हतं, पण बसले.

निकालाच्या दिवशी जामसिंग शाळेच्या दारात आला, तो पोरीचं गाठोडं आत्याकडून उचलूनच. यादी लागली. कस्तुरा पास होती, गणितातसुद्धा. जामसिंगनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग गाठोडं पुन्हा खांद्यावर टाकलं. "मंग हाई परत आत्याकडे ठेई येस," म्हणाला आणि हसतच निघाला.

गुरुजींना इतकं हलकं वाटलं की ते तडक सूरजबाईंकडे धावले. बाई नेमक्या सामायिकाला बसलेल्या. गुरुजी धापा टाकत समोर बसले. बातमी ओठांवर आलेली, आणि वाळू तर आत्ताच पडायला लागलेली. घड्याळ मांडीआडून जरासं बाहेर आलं होतं. गुरुजींचा हात आपसूक तिकडे गेला, आणि त्यांनी तो कसाबसा मागे घेतला.