वेंडाच्या हातचा ओला ग्लास

आमच्या राकोव्निक गावातल्या ‘कोंबडा’ पबमध्ये वेंडेलिन हृबेश, आमचा वेंडा, एकेचाळीस वर्षं बिअर भरत होता. ग्लास आधी थंड पाण्यातून विसळायचा, नळ एकदाच ओढायचा, वर तीन बोटं फेस. कोरड्या ग्लासात बिअर ओतणाऱ्या माणसाशी तो बोलायचासुद्धा नाही. आम्ही पाच जण शेगडीजवळच्या टेबलावर बसायचो आणि आम्हाला काही मागावं लागायचं नाही. ग्लास रिकामा झाला की वेंडा दुसरा आणून ठेवणार. नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवायची, एवढंच. ती ज्याची त्याने ठेवायची. माणूस कितीही झिंगलेला असो, वेंडाने स्वतः कुणाच्या ग्लासावर चकती ठेवून त्याचा अपमान केला नाही. मी तर रेल्वेतून निवृत्त झालेला, घरी जायची घाई नाही, मला चकतीची आठवणच व्हायची नाही.

मग वाइन आली. आधी फ्रिजच्या कोपऱ्यात दोन बाटल्या पडून असायच्या, त्यांना कुणी विचारत नसे. बघता बघता शनिवारी प्रागहून येणारी पोरं, बँकेतल्या बायका, एवढंच काय, आमचा दातांचा डॉक्टरही लांब दांड्याचा ग्लास नाकाशी धरून बसायला लागला. ज्या गावात आम्ही बापासाठी बिअरचा जग भरून आणत मोठे झालो, तिथं लोक आता द्राक्षाच्या रसात जर्दाळूचा वास शोधत होते. आमच्यासारखे पिणारे एकेक करून कबरीत चालले होते, आणि तिथून गिऱ्हाईक परत येत नाही.

पबची मालकीण रादाना. तिचा बाप गेल्यावर सगळं तिच्याकडे आलं. तिने ठरवलं, मे महिन्यापासून बिअर बंद, फक्त वाइन. वेंडाला मात्र तिने हाकललं नाही, खोटं कशाला बोलू. ती त्याच्यासमोर पबच्या पायरीवर खेळून वाढलेली.

“वेंडाकाका, तुमची जागा तुमचीच,” ती म्हणाली. “पण वाइन शिकायला लागेल. उद्घाटनाला मोरावियाहून वाइन बनवणारे ओंद्राचेक येतायत. त्यांचा माल मिळाला तर आपलं दुकान चालेल. त्यांना पहिला ग्लास तुम्हीच द्यायचा.”

वेंडा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही, घरी जाऊन भिंतीशी बोलायचं. त्या बारमागची दीड हात जागा गेली असती तर त्याच्याजवळ काहीच उरलं नसतं. म्हणून तो हिवाळाभर शिकला. बाटल्या घेऊन माझ्याकडे यायचा, पोरासारखी पाठांतरं म्हणून दाखवायचा. “ग्लास एकदम कोरडा हवा, रूडा. थेंब राहिला तरी सगळं मुसळ केरात.” हे त्यानेच मला दहा वेळा सांगितलं. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

उद्घाटन दुपारी होतं. सकाळपासून वेंडाने साठ ग्लास सुती फडक्याने पुसून आरशासारखे केले होते. आमचं टेबल काढून टाकलं होतं. आम्ही पाचही जण बारच्या कडेला उभे राहून मनातल्या मनात एकच मागत होतो. काहीतरी बिघडू दे, तो मोरावियावाला चिडून निघून जाऊ दे, आणि रादानाचं डोकं ठिकाणावर येऊन आमची बिअर परत सुरू होऊ दे.

ओंद्राचेक पुढे आला. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. सगळा पब वेंडाकडे बघायला लागला. वेंडाने ग्लास उचलला, आणि मग त्याच्या हाताने एकेचाळीस वर्षं जे केलं तेच केलं. ग्लास थंड पाण्याखाली गेला, बाहेर आला, एक झटका, आणि त्यात वाइन. वेंडाला पत्तासुद्धा नव्हता.

मी बघितलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. नुसतं “वेंडा” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आमच्यातल्या बोरेकने मला कोपराने ढोसलं, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला होता.

ओंद्राचेकने एक घोट घेतला आणि तो चिडला नाही. तो हसला. हे आमच्या हिशेबात नव्हतं. “यात पाणी आहे,” तो रादानाला म्हणाला. “बिअरवाल्याचा हात आहे, त्याचा काय दोष? दुसऱ्या कुणाला तरी भरू द्या.” बोरेकला हसू आवरलं नाही. मग सगळा पब हसला. मीही हसलो.

रादानाने वेंडाच्या खांद्यावरचं फडकं स्वतःच्या हाताने काढून घेतलं. “काका, तुम्ही आता बसा जरा,” ती म्हणाली. तो बसला, आणि परत त्याला कुणी उठवलं नाही. ओंद्राचेकचा माल आला. आता तिथं रोज संध्याकाळी जागा मिळत नाही. बिअरचा पितळी नळ तिने शोभेला ठेवलाय, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. दर शनिवारी येऊन तो घासायचं काम तिने वेंडाला देऊ केलं होतं. तो गेला नाही.

आम्ही स्टेशनजवळच्या पबमध्ये जायला लागलो. तिथं कोरड्या ग्लासात बिअर मिळते, फेस बसून जातो. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी एकटाच होतो आणि वेंडा आला. त्याला बारच्या अलीकडे बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी त्याच्यासाठी बिअर मागवली. तो सगळी प्यायला.

“तू बघितलंस ना, रूडा?” तो म्हणाला.

आम्ही बिअरसाठी केलं, आपल्या टेबलासाठी केलं, असं काहीतरी मी सांगणार होतो.

“बघितलं,” मी म्हणालो.

वेटर दुसरा ग्लास घेऊन येत होता. वेंडाने माझा ग्लास उचलला, त्याखालची चकती काढली आणि ग्लासावर ठेवली. नीट, मधोमध. मग टोपी घातली आणि निघून गेला. माझ्या ग्लासात अजून अर्धी बिअर होती.